हरळीचं पाणी

सिदूनं बादली माझ्या नाकापुढं धरली.

"वास घ्या, उस्ताद."

घ्यायची गरज नव्हती. पाणी टाक्यातून वर येतानाच वास सुटला होता. वरवर शेवाळाचा, आणि शेवाळाखाली आणखी कसला तरी, जरा गोडसर.

"फडक्यानं गाळून घे," मी म्हणालो.

"गाळून वास जातो व्हय?"

"हुकूम आहे, सिदू. ड्रम भर."

लान्स नाईक सिदू कोळेकर जतकडचा. मेंढरामागं फिरून वाढलेला माणूस. कुठल्या डोहाचं पाणी प्यायचं आणि कुठल्या नाही, हे त्याला लांबूनच कळायचं. त्यानं माझ्याकडं न बघता बादली ड्रममध्ये ओतली. टाक्याच्या कठड्यावर लाल रंगात भली मोठी फुली मारलेली होती. आदल्या वर्षी डॉक्टरांच्या माणसांनी ती मारली तेव्हा मी तिथंच उभा होतो.

ही गोष्ट ऐंशी सालच्या मे महिन्यातली, राजस्थानातल्या एका छावणीतली. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, हुद्दा नाईक. नाईक म्हणजे दंडावर दोन फिती आणि हाताखाली दहा माणसं. अशा तीन तुकड्यांची एक प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी आणि कंपन्या मिळून पलटण. नाईकाच्या वर हवालदार, त्याच्या वर सुभेदार, तिथून पुढं कंपनीचा मेजर आणि सगळ्यांच्या डोक्यावर कर्नल साहेब. ही शिडी मला नुसती पाठ नव्हती, तिचा मला अभिमान होता. एकाहत्तरला याच शिडीच्या जोरावर आठशे माणसं एका माणसासारखी हलताना मी पाहिली होती. एका शब्दावर उठायची, एका शब्दावर पडायची. त्या शब्दावर माझा देवासारखा विश्वास होता.

टाक्याचा हुकूम त्याच दिवशी सकाळी निघाला. निघाला तेव्हा मी तिथं हजर होतो.

चौदा तारखेला जनरल साहेब पलटण बघायला येणार होते. सोबत त्यांच्या बाईसाहेब. चहापान ऑफिसरांच्या मेससमोर ठरलं होतं. त्यासाठी चार ट्रक भरून हरळी आणली होती, मातीच्या लाद्यांसकट. ती वाळूवर अंथरायचं काम माझ्या तुकडीकडं होतं. मे महिन्यातल्या उन्हात दोन दिवसांत तिच्या कडा पिवळ्या पडल्या.

कर्नल साहेब बघायला आले. बुटाच्या टोकानं एक लादी उचकटली.

"भल्ला," ते मेजर साहेबांना म्हणाले, "चौदाला हे हिरवं दिसलं पाहिजे. पाणी कुठून आणायचं ते तू बघ."

मेजर भल्ला पंजाबचे, पण आमच्या पलटणीत यायचं म्हणून मराठी शिकलेले. पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलायचे. ते दोन पावलं मागं वळले.

"सुभेदार साहेब, कंपनीचा टँकर दोन दिवस इथे लागेल. जवानांसाठी अन्य व्यवस्था करा."

सुभेदार मांढरे माझ्याकडं वळले. कोरेगावकडचे, वयानं माझ्या थोरल्या भावाएवढे. मिशीवरनं हात फिरवून म्हणाले, "घार्गे, मागचं टाकं हाय न्हवं? दोन दिवस काढा त्याच्यावर."

"साहेब, त्याला फुली आहे."

"फुली मला दिसती. तुला हुकूम ऐकू आला का?"

"आला, साहेब."

मी कर्नल साहेबांपासून चार पावलांवर उभा होतो. त्यांचा शब्द न् शब्द मी त्यांच्याच तोंडून ऐकला होता. तरी तो माझ्याकडं रीतसर यायला तीन तोंडं लागली. प्रत्येक तोंडात त्याचा थोडा रंग बदलला. टाक्याचं नाव वरच्या दोघांनी घेतलंच नव्हतं. मग मी जाऊन ते सिदूला सांगितलं.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं संडासाकडं धावताना दिसले, संध्याकाळी अकरा जण, आणि चौदा तारीख उजाडली तेव्हा सदतीस. कंपनीच्या बराकीत पाय ठेववत नव्हता. माणसं उठून बाहेर जाईपर्यंत तग धरत नव्हती. जमिनीवर, अंथरुणावर, बुटांत, जिथं तिथं घाण. मी पंधरा मिनिटं आत काढली आणि बाहेर येऊन भिंतीला धरून ओकलो. मी टाक्यातलं पाणी प्यायलो नव्हतो. हिरवळीवर काम करणाऱ्यांना टँकरचं पाणी मिळत होतं.

सकाळी सातला सुभेदार मांढरे आले. नाकाला रुमाल.

"ह्यांना मागच्या गोदामात हलवा. खिडक्या लावून घ्या, बाहेरनं चटया बांधा. जनरल साहेबांची गाडी ह्याच बाजूनं जाणार हाय."

"साहेब, आत गुदमरून मरतील."

"दोन तासांत कुणी मरत न्हाई."

आम्ही हलवली. धडधाकट माणसांनी आजारी माणसं उचलली, ताडपत्रीत घालून ओढली. बराक फिनेलनं धुतली, चुन्याच्या रेघा मारल्या, रिकाम्या खाटांवर घड्या केलेली घोंगडी कोन साधून मांडली. अठ्ठ्याऐंशी माणसांच्या बराकीत निम्मी माणसं का नाहीत, असं कोणी विचारलं तर ती फायरिंगला गेलीत असं सांगायचं ठरलं.

गोदामात भैरू जगदाळे होता. पाटण खोऱ्यातला पोरगा, वय बावीस, माझ्या तुकडीतला, पण ते दोन दिवस हिरवळीवर नव्हता, बराकीच्या पहाऱ्यावर होता. रस्सीखेचीत आमच्या कंपनीचा शेवटचा गडी तोच. दोर कमरेला वेढून तो एकदा टाचा रोवून बसला की समोरच्या आठांना तसूभर हलवता यायचा नाही. त्या भैरूला मी उचललं तेव्हा वाळक्या पेंढीसारखा हाताला लागला. डोळे आत गेले होते, बोटांची टोकं सुरकुतली होती. नर्सिंगच्या माणसानं कातडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली.

"ह्याला आत्ता इस्पितळात न्यायला पाहिजे," तो म्हणाला. "सलाइन संपलंय."

"डॉक्टर साहेब कुठं आहेत?"

"हिरवळीवर. सगळ्या ऑफिसरांना रांगेत उभं केलंय."

रुग्णवाहिका होती. आम्ही भैरूला आत घातलं. सिदू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. छावणीचं इस्पितळ सहा किलोमीटरवर. फाटकाशी सुभेदार मांढरे हात आडवा करून उभे.

"गाडी मागं घ्या. जनरल साहेबांच्या गाड्या अकराला निघतील. तोवर रस्त्यावर काही दिसता कामा न्हाई."

"साहेब, जगदाळे आहे. जातोय तो."

त्यांनी आत बघितलं नाही. "मेजर साहेबांचा हुकूम हाय."

गाडी एका खेजडीच्या झाडाखाली बंद करून ठेवली. तिकडं बँड वाजत होता. वारा आला की कपबशांचा आवाज यायचा. एकदा कुठल्यातरी बाईंचं हसणं आलं. भैरू पाणी मागत होता. सिदूनं माझ्याकडं बघितलं. मी धावत जाऊन मेसमागं उभ्या टँकरच्या तोटीतून बाटली भरून आणली. तोटीला लावलेल्या नळीचं दुसरं टोक हरळीत सोडलेलं होतं, आणि हरळी हिरवीगार झाली होती. मी परत आलो तोवर साडेदहा वाजून गेले होते. पाण्याचा घोट त्याच्या तोंडातून तसाच बाहेर आला.

अकराला गाड्या गेल्या. जाताना जनरल साहेबांनी आमच्या पलटणीच्या टापटिपीचं कौतुक केल्याचं संध्याकाळी रोल कॉलला वाचून दाखवलं.

पुढच्या दिवशी टाकं उपसलं. तळाशी कुत्रं होतं. कुत्रं म्हणजे कातडीची पिशवी. दोरीनं वर ओढताना फाटली. सिदू कठड्यावर उभा होता. त्या दिवसापासून पुढं महिनाभर तो फक्त उकळलेला चहा प्यायचा.

चौकशी बसली. दुसऱ्या पलटणीचे एक मेजर साहेब चौकशीला आले. आदल्या दिवशी सुभेदार मांढऱ्यांनी मला त्यांच्या खोलीवर बोलावलं. खुर्ची दिली. तेरा वर्षांच्या नोकरीत सुभेदारानं मला पहिल्यांदा खुर्ची दिली.

"घार्गे, पाण्याच्या ड्युटीवर कोळेकर होता."

"होय साहेब."

"टँकर आला न्हाई म्हणून त्यानं आपल्या मनानं टाक्यातलं भरलं. बरोबर?"

मी खुर्चीवरनं उठायला लागलो.

"अरे, लान्स नाईकाची एक फीत. जाईल, वर्षानं परत येईल. वर कुणाचं नाव गेलं तर पलटणीवर डाग बसतो. दोनशे वर्षांची पलटण." ते पुढं वाकले. "ह्या साली तुझं हवालदारकीला नाव हाय. मीच लिहिलंय."

रात्री मला झोप लागली नाही. सिदूचा चेहरा दिसत होता, नाकापुढं बादली धरलेला. त्यानं सांगितलं होतं. सांगणारा एकटा तोच होता, आणि आता त्याच्याच गळ्यात हे मेलेलं कुत्रं बांधायचं चाललं होतं. पहाटे माझं ठरलं. एकदम हलकं वाटलं. खरं सांगतो, स्वतःचा अभिमानही वाटला.

चौकशीच्या खोलीत सिदू टाचा जुळवून उभा होता. मला आत बोलावलं.

"लान्स नाईक कोळेकरला टाक्यातून पाणी भरायला कोणी सांगितलं?" चौकशीच्या मेजर साहेबांनी विचारलं.

"मी सांगितलं, साहेब. हुकूम माझा होता."

कोपऱ्यात बसलेल्या सुभेदार मांढऱ्यांची मिशी हलली. सिदूनं नियम मोडून मान वळवली.

"टाक्यावर खूण होती, हे तुला ठाऊक होतं?"

"होय, साहेब."

"तरी सांगितलंस?"

"होय, साहेब."

मेजर साहेब लिहीत राहिले. मी थांबलो. आणखी एक प्रश्न येईल असं मला वाटत होतं. त्याचं उत्तर मी पहाटेपासून तोंडात धरून ठेवलं होतं. त्यांनी शेवटची ओळ लिहिली, पेनाला टोपण लावलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "सही."

मी सही केली.

पुढं रीतसर कोर्ट मार्शल झालं. आमच्यासारख्यांचं कोर्ट मार्शल पलटणीचा कमांडर एकटा चालवतो, तोच न्यायाधीश. म्हणजे कर्नल साहेब. टेबलामागं बसून त्यांनी मला विचारलं, "गुन्हा कबूल?" मी म्हणालो, "कबूल." बारा मिनिटांत संपलं. दोन्ही फिती उतरवून मला शिपाई केलं. शिक्षा वाचताना त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि मला तिथं राग दिसला नाही, शरम दिसली नाही. दिसलं ते समाधान.

त्याच दुपारी मेजर भल्लांनी बोलावलं.

"घार्गे, आज तू पलटणीची प्रतिष्ठा राखलीस," ते त्यांच्या स्वच्छ मराठीत म्हणाले. "कोळेकर बोलला असता तर प्रकरण कोठे गेले असते, सांगता येत नाही. वर्षभर थांब. फिती परत देण्याचे मी पाहतो." आणि त्यांनी हात पुढं केला. ऑफिसरनं शिपायाशी हात मिळवला. त्यांचा हात मऊ होता, पावडरीचा वास येत होता. मी तो धरला.

संध्याकाळी सुभेदार मांढऱ्यांनी रमची बाटली धाडली. "खरा मर्द निघालास" असा निरोप. ती मी फोडली नाही की फेकली नाही. प्यालो. शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.  

दिवाळीनंतर रजा मिळाली. घरी दोन दिवस राहून मी पाटण खोऱ्यात गेलो. भैरूचा बाप राऊतात्या डोंगराच्या पोटाला नाचणीचं खळं करत होता. तोही जुना फौजी. पंधरा वर्षं शिपाई म्हणून काढली, दंडावर एक फीत चढली नाही. मी नाव सांगितलं. त्यानं हातातली काठी खाली ठेवली.

"तूच का तो नाईक?"

"मीच. तात्या, ते पाणी माझ्या हुकमानं भरलं. तुमच्यापुढं तोंड दाखवायला आलोय. काय म्हणायचं ते म्हणा."

मला वाटलं होतं, मारील. मारावं असंच मला वाटत होतं. 

"आन् तुला कुणी सांगितलं?"

चौकशीत तीन दिवस, कोर्ट मार्शलमध्ये बारा मिनिटं, एवढ्या साहेबांपैकी कोणी हा प्रश्न मला विचारला नव्हता. मी खळ्यात खाली बसलो आणि सगळं सांगितलं. हिरवळ, टँकर, चार पावलं, कोण कोणाकडं वळलं, कोण काय म्हणालं. फाटक सांगितलं. झाडाखालची गाडी सांगितली, नंतरचा मेजर साहेबांचा हात आणि रमची बाटलीही सांगितली.  त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती, ती आत गेली.

त्यानं गावातल्या मास्तराकडून अर्ज लिहून घेतला आणि सैन्याच्या मोठ्या कचेरीकडं पाठवला. पुढच्या रजेत, वर्ष उलटल्यावर, मी परत गेलो. मेजर भल्लांनी शब्द पाळला होता. लान्स नाईकीचा माझा कागद निघणार होता. तात्यानं मला ओट्यावर बसवलं आणि एक टाइप केलेलं पत्र पुढं केलं. हिंदीतलं. 'या प्रकरणाची संपूर्ण चौकशी झाली आहे. संबंधित नाईकाने दोष स्वतःहून कबूल केला असून त्याला योग्य शिक्षा देण्यात आली आहे. इतर कोणाचाही दोष आढळला नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

"नाईक म्हंजे तूच ना?" तात्या म्हणाला.

"होय."

"कबूल कशापायी केलंस?"

"सिदू फुकट मेला असता, तात्या. त्याला वाचवायला."

"सिदूनं काय सांगितलं असतं, इचारल्यावर?"

"माझं नाव सांगितलं असतं."

"मग तुला इचारलं असतं. तू सुभेदाराचं सांगायचं. मग सुभेदाराला धरलं असतं." तात्या सावकाश बोलत होता, जसं काही लहान मुलाला समजावतोय. "हुकूम जसा उतरतो तसाच माघारी वर न्यावा लागतो. तू मधीच आडवा पडलास. म्हणून त्यांनी तुला हात दिला. म्हणून बाटली दिली."

मी पत्राची घडी घातली.

"मोठं व्हायचं हुतं तुला," तो म्हणाला. "माझ्या पोराच्या मढ्यावर उभं ऱ्हाऊन मोठं व्हायचं हुतं."

मी ओट्यावरनं उठलो. 

रजा अर्धी टाकून मी पलटणीत गेलो आणि मेजर भल्लांपुढं उभा राहिलो. फितीचा कागद त्यांच्या टेबलावरच होता.

"साहेब, मला जबाब बदलायचाय."

"कोणता जबाब?"

"टाक्याचा. मला सुभेदार मांढरे साहेबांनी सांगितलं. त्यांना तुम्ही सांगितलं. तुम्हाला कर्नल साहेबांनी. मी चार पावलांवर होतो, साहेब. फाटकावर गाडी तुमच्या हुकमानं अडवली. भैरू तिथं मेला. लिहून घ्या."

त्यांच्या तोंडचं मराठी गेलं. "बाहर निकलो," ते म्हणाले. मी हललो नाही. तेच पुन्हा, सगळी नावं, सगळे हुद्दे घेऊन सांगितलं. त्यांनी पेन उचललं नाही. फितीचा कागद मात्र उचलला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

दीड महिन्यात मला घरी पाठवलं. 'सेवेची आवश्यकता नाही.' नोकरीच्या पुस्तकात हुद्दा शिपाई, वर्तणूक जेमतेम. पेन्शनला सहा महिने कमी पडले. सिदू फाटकापर्यंत सोडायला आला. त्याला तोवर नाईक केलं होतं. त्यानं माझी पेटी डोक्यावर घेतली होती आणि तो सबंध रस्ता रडत होता. कर्नल साहेब तोवर ब्रिगेडियर होऊन गेले होते. मांढरे पुढं सुभेदार मेजर झाले.

घरी जायच्या आधी मी पाटणला उतरून खोऱ्यात गेलो. तात्या बांधावर गवत कापत होता. मी उभा राहिलो, पेटी खाली ठेवली.

"सांगितलंस?" त्यानं वर न बघता विचारलं.

"सांगितलं."

"कुणी लिहून घेतलं?"

"नाही."

त्यानं विळा थांबवला. कापलेल्या गवताची पेंढी बांधली, गुडघ्याखाली दाबली, गाठ मारली.

"बरं केलंस," तो म्हणाला. "पर उशीर केलास."

आणि तो पुढच्या वाफ्याकडं गेला.